पाचर, तरफ आणि जुना टायर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. या वाटचालीतला बराचसा काळ हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यात गेला आहे आणि तो अनुभव इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणून मी त्यांची परवानगी काढून विषय बदलून घेतला. आज मी लाकूड फोडण्याबद्दल बोलणार आहे. हातानं, कुऱ्हाडीनं. हसू नका. आपल्यातले जे चाकण, खेड, देहू, आळंदीकडचे आहेत त्यांच्या घरी अजून बंब पेटतो हे मला ठाऊक आहे. दिवाळीच्या पहाटे ग्रुपवर फोटो कशाचे येतात ते आपण सगळे बघतो.

विषय निवडायला आणखी एक कारण आहे. सरांनी आपल्याला साधी यंत्रं शिकवली होती. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू. ‘टेकू, भार, बल’ हे तीन शब्द त्यांनी इतक्या वेळा घोकून घेतले की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मध्ये टेकू असेल तर पहिला प्रकार, कात्री. मध्ये भार असेल तर दुसरा, अडकित्ता. मध्ये बल असेल तर तिसरा, चिमटा. आणि पाचरीला उदाहरण एकच, कुऱ्हाड. सर, गेल्या वर्षी माझ्या हातात अशी एक कुऱ्हाड आली की जी पाचरीच्या धड्यातून उठून तरफेच्या धड्यात जाऊन बसली आहे. ही बातमी तुम्हाला प्रत्यक्ष सांगायची होती.

कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण असायचं. काजं-बटणं करून मी पास झाले. पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरलं. त्यामुळे पंचेचाळिशीत पहिल्यांदा कुऱ्हाड हातात घेतली तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “बाई, नोकरी गेली का काय?” नोकरी आहे. कुऱ्हाड वेगळ्या कारणानं हातात आली.

माझे वडील, आप्पा, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं होते. २००९ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. म्हणजे आप्पा कारखान्यांना कंटाळून चाकणजवळच्या आमच्या गावी परतले आणि कारखाने त्यांच्या मागोमाग आले. एकेकाळी कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखलं जाणारं चाकण आता कंटेनरच्या रांगांसाठी ओळखलं जातं. रस्ता बदलला, शेजार बदलला, पण आप्पांचा दिवस बदलला नाही. पहाटे उठायचं, परसात जायचं, लाकूड फोडायचं, तांब्याचा बंब पेटवायचा, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं. आई होती तेव्हाही, ती गेल्यानंतरही.

या पट्ट्यात जळण कुठून येतं असं शहरातले लोक विचारतात. शेताच्या बांधावरची बाभूळ आणि सुबाभूळ असते. वादळात पडलेला गुलमोहर किंवा रेनट्री असतो. आणि कारखान्यांमुळे आलेलं एक नवं लाकूड असतं, ते म्हणजे पॅकिंगचं. यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या खालचे जाड ठोकळे, पॅलेटच्या फळ्या, तुटके धीरे. भंगारवाल्यांकडून हे लाकूड वखारीत जातं आणि तिथून हॉटेलांच्या भट्ट्यांत, वीटभट्ट्यांत, घराघरांतल्या चुलींत. परदेशातलं पाइन आमच्या बंबात जळतं. जागतिकीकरणावर परिसंवाद ऐकण्यापेक्षा आमच्या परसात एक चक्कर मारावी.

दीड वर्षापूर्वी आप्पांचा उजवा खांदा गेला. स्नायूला इजा झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने घाव घालायचा नाही, पुढचं पुढे बघू. दादानं दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड गाडीत टाकली आणि पुण्याला नेली. बाथरूममध्ये गीझर बसवला. त्याचं काही चुकलं नाही, चौऱ्याहत्तराव्या वर्षाच्या माणसाबाबत कोणताही मुलगा हेच करील.

पण हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. बँकेचं ॲप आम्ही बघत होतो, विजेचं बिल आम्ही भरत होतो, गाडी त्यांनी आधीच सोडली होती. घरात एकच काम असं उरलं होतं की जे आप्पांशिवाय होत नव्हतं, ते म्हणजे बंब. तेही गेलं. गीझरचं बटण कोणीही दाबतं. आप्पा सकाळी उशिरा उठायला लागले. आंघोळ दहाला, कधी अकराला. परसाकडचं दार दिवसभर बंद. तक्रार एका शब्दाची नाही. मी एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, “आता मला काय काम आहे? पाणी तर नळालाच गरम येतंय.” हे वाक्य ऐकून मी ज्या रात्री झोपले नाही, त्या रात्री मी फोनवर कुऱ्हाडी बघत होते.

आता थोडं विज्ञान. बाकांवर मागे बसलेल्यांनी नेहमीप्रमाणे झोपायला हरकत नाही.

लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तंतू आडवे तोडणं कठीण, एकमेकांपासून सोडवणं सोपं. म्हणून झाड पाडायची कुऱ्हाड वेगळी आणि फोडायची वेगळी. पाडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ, ते तंतू कापतं. फोडायच्या कुऱ्हाडीचं डोकं जाड, ते तंतूंत शिरून दोन्हीकडे ढकलतं. ही झाली पाचर. पाचरीची अडचण अशी की ती जितकी आत जाते तितकं लाकूड तिला दोन्ही गालांवर आवळून धरतं. घावातली बरीचशी ताकद घर्षणातच जिरते. ओंडका फुटला तर ठीक, नाही फुटला तर कुऱ्हाड अडकते. मग ती हलवून, ठोकून, पाय देऊन काढायची. ज्यांनी लाकूड फोडलं आहे त्यांना माहीत आहे की दमणूक घावानं होते त्याच्या दुप्पट ती अडकलेली कुऱ्हाड काढताना होते. खांद्याची वाट लागते तीही तिथेच.

घावात ताकद किती असते? समजा कुऱ्हाडीचं डोकं दोन किलोचं आहे आणि लाकडावर पडताना त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे १०० ज्यूल. दोन किलोचा दगड ५ मीटर उंचीवरून सोडल्यासारखं. वेगाचा वर्ग आहे हे महत्त्वाचं. डोकं दुप्पट जड केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून पाच किलोचा घण उचलून कण्हणाऱ्या पैलवानापेक्षा हलकी कुऱ्हाड सपकन आणणारी काटक बाई जास्त लाकूड फोडते. आमच्या शेजारच्या काकू हे रोज सिद्ध करतात, त्यांना सूत्र लागत नाही.

फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळ सिपो नावाच्या गावी हेइक्की कार्ना नावाचे एक गृहस्थ आहेत. व्यवसायानं ते विमान वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवणारे. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख आणि तिथे सौना, म्हणजे घामाघूम होऊन बसायच्या गरम खोल्या, सुमारे ३० लाख. २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांच्या सौना संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सौना म्हटलं की लाकूड आलं. जिथे घरोघरी लाकूड फोडतात तिथे कुऱ्हाडीचा विचार करणारी माणसं असणारच. आपल्या घरी शिवणकामाला असते ती नारिंगी मुठीची कात्री बनवणारी फिस्कार्स कंपनीही त्याच देशातली, १६४९ सालापासूनची, आणि तीही कुऱ्हाडी करते.

कार्नांनी जी कुऱ्हाड बनवली तिचं फिनिश नाव ‘विपुकिर्वेस’. ‘विपु’ म्हणजे तरफ आणि ‘किर्वेस’ म्हणजे कुऱ्हाड. सर, बघा, नावातच धडा आहे. आपली कुऱ्हाड समोरून पाहिली तर दोन्ही गाल सारखे दिसतात. हिचं डोकं एका बाजूला फुगलेलं आहे, जणू गालगुंड झालंय. वजनाचा मध्य धारेच्या रेषेवर नाही, बाजूला आहे. धार लाकडात थोडीशी शिरते आणि थांबते, पण बाजूचं वजन थांबायला तयार नसतं. त्यामुळे डोकं गरकन वळतं आणि वळताना ढलपी बाजूला उचकटून फेकतं. पहारीनं दगड उचकटावा तसं. टेकू अगदी जवळ आणि बलाची भुजा लांब, म्हणून थोड्या बळात मोठं काम. डोक्याला एक ओठासारखा भाग आहे, तो लाकडावर टेकतो आणि पातं खोल जाऊ देत नाही. खोल जातच नाही, त्यामुळे अडकतही नाही.

आपल्या तुकडीतला एक मित्र एस्पोला असतो. आज तो इथे नाही, पण सुट्टीला येताना त्यानं ही कुऱ्हाड बॅगेत घालून आणली. विमानतळावर बॅग उघडून काय काय प्रश्न विचारले गेले ते त्याच्याच तोंडून ऐका, माझ्यानं ती नक्कल व्हायची नाही.

आप्पांनी कुऱ्हाड हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल? चष्मा लावला, कपाटातून व्हर्नियर काढला. टूलरूमची सवय. धारेचा कोन बघितला, नेढं बघितलं, दांडा कानाशी धरून त्यावर टिचकी मारली. मग बोटावर डोकं तोलून वजनाचा मध्य कुठे पडतो ते शोधलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “ज्यानं हे केलंय त्यानं स्वतः लाकूड फोडलेलं आहे.” किंमत मी सांगितली नाही. त्यांनी दोनदा विचारली.

फोडायचं काम माझ्याकडे आणि सूचना देण्याचं त्यांच्याकडे, असं ठरलं. कार्नांची पद्धत अशी आहे की ओंडका एका जुन्या टायरमध्ये उभा करायचा, म्हणजे फुटलेले तुकडे उडून लांब जात नाहीत आणि ओंडका परत परत उभा करावा लागत नाही. चाकणमध्ये दुसरं काही मिळो न मिळो, जुना टायर मिळतो. एका गॅरेजवाल्यानं तो फुकट दिला, वर उपकार मानले.

पद्धतीच्या दुसऱ्या दोन गोष्टी आपल्या सवयीच्या उलट आहेत. एक, घाव मधोमध घालायचा नाही. कडेपासून सुरुवात करायची, दोन-तीन बोटं आत, आणि ओंडक्याभोवती फिरत एकेक ढलपी काढायची. दोन, घाव बसण्याच्या क्षणी मूठ सैल सोडायची, कारण दांडा हातात वळणार आहे. घट्ट धरलात तर वळणारं डोकं तुमच्या मनगटालाच वळवेल. हे ऐकायला सोपं आहे. पण आयुष्यभर मूठ आवळून काम केलेल्या पिढीला मूठ सैल सोड म्हणणं सोपं नाही. आप्पा मला दर घावाला ओरडत होते, “धर, धर!” आणि मी सोडत होते.

पहिलं लाकूड पाइनचं. एका पेटीखालचा वीतभर जाडीचा ठोकळा, खिळे काढून घेतलेला, हातभर लांबीचे तुकडे केलेला. इथे या कुऱ्हाडीनं कमाल केली. सरळ तंतू, मऊ लाकूड. प्रत्येक घावाला ‘टक्’ असा आवाज आणि एक सरळ, मनगटाएवढी ढलपी टायरच्या आत आडवी. कुऱ्हाड एकदाही अडकली नाही. माझ्यासारख्या नवख्या बाईनं अर्ध्या तासात बंबाचं दोन दिवसांचं जळण काढलं. आणि ते काढून झाल्यावर मला बोलता येत होतं, हे विशेष.

निलगिरी आणि सुबाभूळ यांच्यावरही काम चाललं, मात्र लाकूड ओलसर असेल तर डोकं वळण्याऐवजी कधी कधी नुसतं ‘थप’ करून बसायचं. गुलमोहराच्या फांदीचा प्रश्नच आला नाही.

मग बाभूळ. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हाच हसू दिसलं. बाभळीचं लाकूड घट्ट, गाठी असलेलं, तंतू पीळ घेऊन गेलेले. पहिला घाव वाया गेला. दुसऱ्याला कुऱ्हाड उसळून बाजूला आली. तिसऱ्याला नखाएवढा कपचा उडाला. ही कुऱ्हाड बर्च आणि स्प्रूसच्या देशात जन्मली आहे, बाभळीशी तिची ओळख नव्हती. गाठीच्या ओंडक्याला अजूनही आपली जुनी पद्धतच: पोलादी पाचर, घण आणि धीर. आप्पा म्हणाले, “तुझ्या पाहुणीला चहा दे, बाभळीचं मी बघतो.” त्यांना बघू दिलं नाही, तो भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र त्यांनीच दाखवून दिली. बंबाच्या नळीत मोठं लाकूड जातच नाही. तिथे लागतात बारीक, लांब, एकसारख्या ढलप्या. आपली कुऱ्हाड आधी अर्धे करते, मग पाव, मग पुन्हा बारीक. ही कुऱ्हाड कडेनं काढते त्या पहिल्यापासूनच बंबाच्या मापाच्या. फिनलंडच्या माणसानं ती सौनासाठी केली, पण मापात बसली आमच्या बंबाच्या.

फोडणं फक्त नळीत बसवण्यासाठी नसतं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. सालीतून ते लवकर निघत नाही, फोडलेल्या उघड्या अंगातून निघतं. उकळायला आलेल्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ओलं लाकूड जाळलं की ही उष्णता पाण्याऐवजी धुराड्यातून जाते, वर डोळ्यांना धूर. म्हणून जुनी माणसं उन्हाळ्यात फोडून, पावसाळ्यापूर्वी पडवीत रचून ठेवायची.

आता काकूंबद्दल. आमच्यासाठी लाकूड ही आवड आहे, त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली तेव्हा त्यांच्या घरी गॅस आला. चहा, भाजी त्यावर होते. भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवर, कारण टाकी पुन्हा भरायचा खर्च दर महिन्याला डोळ्यांसमोर उभा राहतो आणि बांधावरच्या बाभळीला कोणी पैसे मागत नाही. त्या रोज सकाळी लाकूड फोडतात आणि त्यांना कोणी व्हर्नियर लावून कुऱ्हाड दाखवलेली नाही. म्हणून मला त्यांचं मत हवं होतं.

त्यांनी ही कुऱ्हाड घेतली, पाच-सहा घाव घातले, पाइनच्या ढलप्या काढल्या, मान डोलावली. मग टायरकडे गेल्या. स्वतःची जुनी कुऱ्हाड आणली, ट्रकच्या पाट्याच्या पोलादाची, रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाडी बाईकडून घेतलेली. टायरमध्ये सुबाभळीचा ओंडका उभा केला आणि कडेकडेनं, मी केलं तसं, ढलप्या काढायला लागल्या. तंत्र तेच, कुऱ्हाड त्यांची. ओंडका पडला नाही, तुकडे उडाले नाहीत, एकदाही वाकावं लागलं नाही. सगळा ओंडका संपल्यावर म्हणाल्या, “कुऱ्हाड तुझी तू ने. टायर ठेवून जा.”

मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. ग्राहकानं इतका नेमका अभिप्राय मला एकदाही दिलेला नाही. त्यांचं लाकूड जास्त करून बाभूळ आणि सुबाभूळ, त्यामुळे परदेशी डोक्याचा त्यांना उपयोग कमी. पण दिवसातून चाळीस वेळा वाकून ओंडका उभा करणं, पोरांच्या अंगावर उडणारे तुकडे, ही त्यांची खरी अडचण होती आणि ती फुकटच्या टायरनं सुटली. आता आमच्या आळीत चार परसांत टायर आहेत.

आणि आप्पांचं काय? सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी ही कुऱ्हाड फोटोसह समजावून सांगितली. दादाही आला होता, मुद्दाम, मला आडवायला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही, फक्त मऊ लाकूड, दुखलं की थांबायचं. गाडीत बसल्यावर दादा आणि मी चिंचवडपर्यंत भांडलो. तो म्हणत होता, पडले तर? मी म्हणत होते, बसून राहिले तर? दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोघांपैकी कोणाकडेही दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले, “पंधरा मिनिटं म्हणालेत ना? मग पंधरा मिनिटं.”

गेल्या डिसेंबरपासून ते रोज सकाळी परसात जातात. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावतात. तो लावायला मात्र त्यांनी स्वतः शिकून घेतलं. कंबरेएवढ्या उंचीवरून, डोक्याच्या वजनानंच घाव पडू देतात. पाइनच्या ढलप्या काढतात, गजर वाजला की कुऱ्हाड खाली. बाभूळ वखारीच्या यंत्रावर फोडून येते, त्याबद्दल त्यांना अजून थोडं वाईट वाटतं. गीझर भिंतीवर आहे. पाहुणे आले की चालू होतो. खांदा पूर्ण बरा झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही. दादा अजून महिन्यातून एकदा कुऱ्हाडीचा विषय काढतो. पण बंब पेटतो आणि आंघोळ साडेसहाला होते.

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील आता त्याच वयात आहेत. त्यांच्याकडून एकेक वस्तू काढून घेताना आपण प्रेमानंच काढून घेतो. माझं म्हणणं इतकंच आहे की काढून घेण्यापूर्वी हत्यार बदलता येतं का ते एकदा बघावं. कोणाच्या घरी ती कुऱ्हाड असेल, कोणाच्या घरी विळी, कोणाच्या घरी स्कूटर.

शेवटी ज्यांना खरोखर लाकूड फोडायचं आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पॅकिंगचं लाकूड आणलंत तर त्यावरचा शिक्का बघा. परदेशी मालाच्या लाकडी पेट्यांवर कीड जाऊ नये म्हणून प्रक्रिया करावी लागते आणि तसा शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, ते चालतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते चुलीत घालू नका. प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, तेल-केमिकल सांडलेले पॅलेट हेही नको.

खिळे आधी काढा. एक खिळा धारेची वाट लावतो आणि उडाला तर डोळ्याची.

पायात बंद बूट, डोळ्यांवर साधा गॉगल. जवळपास दहा पावलांत कोणी नको, विशेषतः नातवंडं. ओंडका गुडघ्याच्या उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात जाते, नडगीत जात नाही.

आणि उभं झाड जळणासाठी पाडू नका. शहरात तर १९७५ च्या कायद्यानं परवानगीशिवाय ते करताच येत नाही. या पट्ट्यात पडलेलं आणि टाकलेलं लाकूड इतकं आहे की आपल्या सगळ्यांचे बंब त्यावर चालतील.

ही कुऱ्हाड मी आज गाडीत घालून आणली आहे. कोणालाही आठ दिवस वापरायला नेता येईल. वहीत नाव लिहायचं, लाकूड स्वतःचं आणायचं आणि धार लावून परत करायची. पहिलं नाव सरांचं लिहिलेलं आहे, कारण तरफेचा चौथा प्रकार कोणता हे त्यांनी तपासून सांगायचं आहे. टायर मागू नका. टायर काकूंकडे आहे आणि त्या तो द्यायच्या नाहीत.